तीन बंदुकांची खूण

रांझीत वाढलेल्या मुलाला "तुझे वडील काय करतात?" असे सहसा कुणी विचारत नाही. "कोणत्या फॅक्टरीत?" एवढेच विचारतात. जबलपूरच्या या भागात उत्तरेही ठरलेली असतात: गन कॅरेज, व्हेईकल, खमरिया किंवा ग्रे आयर्न फाउंड्री. माझे पणजोबा गन कॅरेजमध्ये होते, आजोबा व्हेईकल फॅक्टरीच्या टूल रूममध्ये होते आणि बाबा आजही व्हेईकलमध्येच आहेत. सहावीत मी या शाळेच्या वसतिगृहात आलो, तेव्हा माझ्या डॉर्मिटरीतल्या मुलांना मी माझे गाव असेच सांगितले होते: "जिथे भोंग्यावर घड्याळे लावतात ते गाव."

पणजोबा 1940 च्या दशकात नागपूरकडून जबलपूरला आले. त्यांना त्यासाठी प्रांत ओलांडावा लागला नाही, कारण 1956 पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. पुढे लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावात त्यांनी एक मोटारसायकल घेतली. बीएसए एम-20, दुसऱ्या महायुद्धातली. तिचा खाकी रंग खरवडून त्यांनी तिला काळा रंग दिला आणि रांझीतल्या एका पेंटरकडून पेट्रोलच्या टाकीवर कंपनीची जुनी खूण काढून घेतली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका.

लहानपणी मला ती खूण विचित्र वाटायची. मोटारसायकलवर बंदुका कशाला? आजोबांना विचारले तर ते म्हणायचे, "बेटा, तुझ्या पणजोबांनी ही खूण बघूनच गाडी घेतली. आपलेच लोक आहेत म्हणाले." याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. 1861 साली बर्मिंगहॅमच्या बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली. लढाई असली की बंदुकांना मागणी आणि शांतता असली की यंत्रे रिकामी, अशी तिची अवस्था होती. 1880 च्या सुमारास मागणी आटली, तेव्हा त्याच यंत्रांवर आणि त्याच हातांनी सायकली तयार होऊ लागल्या. 1910 मध्ये पहिली मोटारसायकल निघाली. बंदुकीची नळी आतून अचूक कोरणाऱ्याला इंजिनाचा सिलिंडर कोरणे परके वाटले नसावे. आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या रॉयल एनफील्डच्या नावामागेही बंदूकच आहे. रेडिच गावातल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याला एनफील्डच्या सरकारी रायफल कारखान्याचे काम मिळाले, म्हणून त्यांनी आपल्या सायकलींना ते नाव दिले. बंदुकीसारखी घडवलेली, असे त्यांचे ब्रीदच होते.

आता रांझीकडे बघा. गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची. नावाप्रमाणे तोफांचे गाडे बनवणारी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस एमएएन या जर्मन कंपनीच्या परवान्यावर त्याच फॅक्टरीत शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. 1969 मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमान, निस्सानचा एक टनी ट्रक आणि जोंगा या गाड्या रांझीची ओळख झाल्या. जोंगा या नावातले पहिले अक्षरच जबलपूरचे आहे. तोफेच्या गाड्यापासून ट्रकपर्यंत. बर्मिंगहॅमवाले ज्या वाटेने गेले त्याच वाटेने आमचे गावही गेले. पणजोबांचे "आपलेच लोक" हे असे होते.

आजोबांकडे एक जाड वही आहे. हिशेबाची लाल कापडी बांधणीची. बीएसएचे भाग भारतात मिळणे बंद झाल्यावर, दुसऱ्या कोणत्या गाडीचा कोणता भाग चालेल याची नोंद त्यांनी त्या वहीत ठेवायला सुरुवात केली. ब्रिटिश कारखाने शेकडो होते, पण बहुतेकांचा कार्ब्युरेटर अमाल कंपनीचा आणि विजेचे सामान लुकासचे असे. त्यामुळे भाग शोधता शोधता आजोबा कारखान्यांचा इतिहास गोळा करू लागले. आज ज्यांची नावेही कुणाला आठवत नाहीत असे कारखाने मला त्या वहीत भेटले.

त्यातला माझा आवडता कारखाना एक्सेलसिअर. तोही बर्मिंगहॅमचा. युद्धात त्यांनी पॅराट्रूपर्ससाठी वेलबाइक नावाची घडीची मोटारसायकल बनवली. इंजिन 98 सीसीचे, वजन सुमारे 32 किलो. हँडल आणि सीट दुमडून ती नळकांड्यासारख्या पेटीत बसे आणि पॅराशूटने खाली टाकली जाई. टाकी इंजिनापेक्षा खाली असल्यामुळे पेट्रोल आपोआप उतरत नसे, म्हणून हातपंपाने टाकीत हवा भरावी लागे. अशा साडेतीन हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्यापैकी ज्यांना पॅरा रेजिमेंटची स्वप्ने पडतात त्यांनी कल्पना करावी: जमिनीवर उतरायचे, पेटी शोधायची, हँडल उभे करायचे, पंप मारायचा आणि ढकलून चालू करायची. तेही गोळीबार चालू असताना!

रॉयल एनफील्डनेही युद्धात 125 सीसीची हलकी गाडी बनवली. तिला 'फ्लाइंग फ्ली' म्हणत, म्हणजे उडती पिसू. मुळात ती जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीच्या गाडीची नक्कल. त्या कंपनीच्या हॉलंडमधल्या विक्रेत्यांत ज्यू भागीदार होते, म्हणून नाझी राजवटीत त्यांची एजन्सी काढून घेतली गेली. त्यांनी थेट रेडिच गाठले आणि तशीच गाडी बनवून मागितली. ज्यांना हाकलले त्यांच्यामुळेच ती गाडी पुढे जर्मनीविरुद्धच्या सैन्यात गेली. आजोबांनी या नोंदीखाली लाल पेनाने रेघ मारली आहे.

फ्रान्सिस-बार्नेट हा कॉव्हेंट्रीचा कारखाना. सरळ नळ्यांचे त्रिकोण बोल्टने जोडून ते चौकट बनवत आणि जाहिरातीत म्हणत, पुलासारखी बांधलेली. जेम्स हा बर्मिंगहॅमचाच. या दोन्ही कारखान्यांच्या कित्येक गाड्यांत इंजिन मात्र वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलियर्सचे. दुसऱ्यांना छोटी टू-स्ट्रोक इंजिने पुरवणाऱ्या या कंपनीने 1956 पर्यंत 20 लाख इंजिने बनवली होती. म्हणजे टाकीवर नाव एकाचे आणि धडधड दुसऱ्याची.

वहीत 'तीन चाके' असे एक वेगळे पान आहे. इंग्लंडमध्ये ठरावीक वजनाच्या आतल्या तीनचाकी गाडीला मोटारीऐवजी मोटारसायकलचा कर लागे आणि ती चालवायला मोटारसायकलचे लायसन्स पुरे. मोटार परवडत नाही आणि मोटारसायकलवर बायकामुले मावत नाहीत, अशा कामगार कुटुंबांसाठी त्या गाड्या होत्या. मॉर्गनच्या गाडीला पुढे दोन आणि मागे एक चाक. बीएसएने स्वतः 1929 ते 1936 या काळात तीनचाकी काढली, तिची पुढची चाके ओढणारी होती. सायकलवाल्या रॅले कंपनीनेही 1933 च्या सुमारास तीनचाकी सुरू केली आणि दोन-तीन वर्षांत सोडून दिली. तेव्हा तिथल्या टॉम विल्यम्स या माणसाने हार मानली नाही. 1935 मध्ये त्याने टॅमवर्थला स्वतःच्या घराच्या आवारात तीनचाकी बनवली आणि त्यातून रिलायंट ही कंपनी उभी राहिली. 1949 ची बाँड मिनीकार तर मजेदारच. तिचे व्हिलियर्स इंजिन पुढच्या चाकालाच जोडलेले होते. चाक वळले की इंजिनही वळे. पुढच्या आवृत्त्यांत ते चाक दोन्ही बाजूंना काटकोनापर्यंत वळायचे, त्यामुळे रिव्हर्स गिअर नसतानाही गाडी जागच्या जागी फिरवता यायची.

या वंशाचा एक धागा आपल्याकडेही आला होता. 1970 च्या दशकात बंगळूरच्या सनराइज कंपनीने फायबरग्लासच्या बॉडीची 'बादल' नावाची तीनचाकी काढली आणि पुढे रिलायंटच्या किटन गाडीवरून 'डॉल्फिन' ही छोटी मोटार. आजोबांनी नागपूरला एकदा बादल पाहिली होती. त्यांच्या शब्दांत, "रिक्षानं मोटारीचा कोट घातला होता."

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आमच्या गाडीचा विषय निघालेला होता. आजोबांचे गुडघे आता किक मारू देत नाहीत. गाडी दीड वर्ष पडवीत उभी होती. बाबांना फॅक्टरीच्या कामातून वेळ नाही. बाबा म्हणाले, "अण्णा, नागपूरचे एक गृहस्थ विचारतायत. जुन्या गाड्या जमवतात. आहे तशी घेऊन जाईन म्हणतात."

मला वाटले, आजोबा भडकतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "द्या. पण आहे तशी नाही. चालू करून द्यायची. बंद गाडी दिली तर तो दिवाणखान्यात उभी करेल."

"मग ठेवूनच घेऊ या ना," मी म्हणालो.

"कोण चालवणार? तू वर्षातून दीड महिना येतोस. उभ्या गाडीचं तेल खाली बसतं, वरचे भाग कोरडे पडतात. जपायची म्हणून ठेवू आणि गंजवून टाकू. तिला चालवणारा पाहिजे."

मला वाईट वाटले, हे कबूल करतो. पण ते चूक बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्यांनी मला उठवले. शाळेत पीटीसाठी उठतो त्याच वेळी! खुर्चीवर ते बसले आणि खाली सतरंजीवर मी. हात माझे आणि डोके त्यांचे, अशी वाटणी झाली.

पहिल्याच बोल्टला मी अडलो. 13 चा पाना बसेना आणि 14 चा घसरायला लागला. आजोबा हसले आणि त्यांनी ट्रंकेतून एक काळा पाना काढला. त्यावर पाव इंच लिहिलेले होते आणि तोंड तर अर्ध्या इंचाहून मोठे. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसतो, त्याच्या दांड्याच्या जाडीचा असतो. पाव इंचाच्या दांड्याचे डोके 13.3 मिलिमीटर भरते. 14 चा पाना लावून जोर केला असता तर कोपरे गोल होऊन बोल्ट कायमचा गेला असता. आजोबांनी इंचाची मापे पणजोबांकडून घेतली आणि मेट्रिक मापे जर्मन नकाशांच्या शक्तिमानकडून. त्यामुळे त्यांच्या ट्रंकेत दोन्ही घराण्यांचे पाने आहेत. कोणत्या बोल्टला कोणता, हे ते अंगठा फिरवून सांगतात.

तीन आठवडे गेले. कार्ब्युरेटरचे जेट चिकटलेले होते. मॅग्नेटोची ठिणगी पिवळट आणि अशक्त येत होती. एका व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले होते, ते रिछाईतल्या एका लेथवाल्याकडून नवे करून घेतले. त्या कारागिराने कॅलिपर लावायच्या आधी जुना भाग बोटांनी चाचपला आणि म्हणाला, "ये तो इंच का माल है।" फिलर गेजची पट्टी व्हॉल्व्हच्या फटीत सरकवताना ती किती अडायला हवी, हे आजोबा मला शब्दांत सांगू शकले नाहीत. त्यांनी माझा हात धरून पट्टी ओढली. "एवढी." मग पुन्हा सैल करून माझ्याकडून करून घेतले. अकरा वेळा.

एम-20 चालू करणे हाही एक धडाच आहे. टिकलर दाबून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चढू द्यायचे. हँडलवरच्या दांडीने ठिणगीची वेळ मागे घ्यायची, नाहीतर किक उलटी येऊन नडगी फोडते. किक हळू दाबत दाब लागेपर्यंत यायचे, व्हॉल्व्ह लिफ्टर ओढून पिस्टन त्या शिखराच्या जरा पुढे न्यायचा, लिफ्टर सोडायचा आणि मगच पूर्ण किक. घाई केलेली तिला चालत नाही. सतराव्या की अठराव्या किकला ती बोलली. 500 सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन आहे, त्यामुळे आवाज बुलेटपेक्षाही सावकाश, पायांच्या ठोक्यांसारखा. बाबा फॅक्टरीतून येत होते, ते फाटकापाशीच थांबले. बैटरी जोडलेलीच नव्हती. मॅग्नेटो असल्यामुळे तिला चालायला बॅटरी लागत नाही.

या तीन आठवड्यांत काम करता करता आजोबा बीएसएच्या कामगारांबद्दल बोलत. 19 नोव्हेंबर 1940 च्या रात्री बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातल्या बीएसएच्या कारखान्यावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. रात्रपाळीचे 53 कामगार मेले. बंदुकीच्या नळ्या बनवणारी यंत्रे गेली. तरीही काम थांबले नाही. युद्ध संपेपर्यंत कंपनीने सव्वा लाखाच्या आसपास एम-20 सैन्याला दिल्या. "आपली गाडी त्यांतली एक," आजोबा म्हणायचे. "ज्यांनी ही केली त्यांच्या शेजारच्या बाकावर कुणीतरी मेलेलं असेल."

मग मी विचारले, "एवढी मोठी कंपनी बंद कशी पडली?"

1950 च्या दशकात बीएसए ही जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी मानली जात होती. ट्रायम्फसुद्धा तिने विकत घेतली होती. पण यंत्रे जुनी होत गेली आणि तेल गळणारी इंजिने तशीच राहिली. 1969 मध्ये होंडाची चार सिलिंडरची 750 सीसीची गाडी आली. तिला बटण दाबले की चालू, पुढे डिस्क ब्रेक आणि इंजिनाखाली तेलाचा डाग नाही. 1973 मध्ये बीएसए संपली आणि पुढच्या काही वर्षांत स्मॉल हीथचा बहुतेक कारखाना पाडला गेला. जेम्स आणि फ्रान्सिस-बार्नेट त्याआधीच 1966 मध्ये गेले होते. रेडिचची एनफील्डही 1970 च्या सुमारास बंद झाली.

"आणि तिथली माणसं?" आजोबांनीच मला उलट विचारले. "टूल रूमवाले कुठे गेले असतील?"

या प्रश्नावर बाबाही पडवीत येऊन बसले. आमच्या घरात हा प्रश्न निव्वळ इतिहासाचा नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माणी बोर्ड संपले आणि देशभरच्या फॅक्टऱ्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. गन कॅरेज एका कंपनीत, व्हेईकल दुसऱ्या आणि खमरिया तिसऱ्या. पुढे ऑर्डरी किती येतील, काम कसे असेल, यावर रांझीच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर बोलणे चालते. बाबा म्हणाले, "सैन्याला काल काय लागत होतं ते आम्हाला उत्तम बनवता येतं. उद्या काय लागेल ते शिकलो तर टिकू." शेजारच्या गन कॅरेजमध्ये आज 155 मिलिमीटरची धनुष तोफ तयार होते, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. 1904 साली तोफांच्या गाड्यांपासून सुरू झालेला कारखाना आज तोफ बनवतो. स्मॉल हीथला जे जमले नाही ते इथे निदान एकदा तरी जमले आहे.

त्या कारखान्यांची नावे पुढे कुठे गेली हे पाहिले तर मात्र नवल वाटते. एनफील्डची गाडी 1955 मध्ये मद्रासला आली, 1962 पर्यंत तिचे सगळे भाग भारतात बनू लागले आणि मूळ घर बंद पडल्यावरही इथली फॅक्टरी चालू राहिली. 'फ्लाइंग फ्ली' हे नाव 2024 मध्ये त्यांनी विजेवरच्या गाडीसाठी पुन्हा घेतले. बीएसएचे नाव 2016 मध्ये महिंद्राच्या क्लासिक लेजंड्स या कंपनीने घेतले. तिच्या जावा मोटारसायकली आमच्याच मध्य प्रदेशात पीथमपूरला तयार होतात. नॉर्टन 2020 मध्ये टीव्हीएसकडे आली. ट्रायम्फच्या 400 सीसीच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. म्हणजे नावे विकत मिळतात. फिलर गेजची पट्टी "एवढी" अडली पाहिजे, हे मात्र कोणत्याही खरेदीखतात लिहिलेले नसते. ते एका हाताने दुसऱ्या हाताला द्यावे लागते, आणि रेडिचची गाडी मद्रासमध्ये टिकली ती इथल्या हातांनी ते काम वेळेत शिकून घेतले म्हणून.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरचे गृहस्थ आले. आजोबांनी त्यांना आधी किक मारायला लावली. तिसऱ्या दिवशी त्यांना जमली, तोपर्यंत ते आमच्याकडेच जेवले. मगच गाडी टेम्पोत चढली. काळे पाने आजोबांनी गाडीबरोबर दिले. वही दिली नाही. ती आता माझ्या लॉकरमध्ये आहे आणि शेवटच्या पानांवर माझ्या अक्षरातल्या नोंदी सुरू झाल्या आहेत.

सैन्यात गेलो तर मला ईएमई मध्ये जायचे आहे. रणगाडा असो की ट्रक, बिघडलेले यंत्र लढाईत परत उभे करणारी ती कोअर. पूर्वी कुणी कारण विचारले की मी "इंजिनांची आवड" असे सांगायचो. आता सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या जे हाताने आले आहे ते माझ्यापाशी थांबू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरी मोटारसायकल नसेल. कुणाचे आजोबा विहिरीला पाणी कुठे लागेल ते सांगत असतील, कुणाची आजी नुसत्या वासावरून लोणचे मुरले की नाही ते ओळखत असेल. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा. "सांगा" म्हणू नका, कारण बरेचसे त्यांना सांगता येणार नाही. "माझ्याकडून करून घ्या" म्हणा.